मागावर बसलेले नंदलालजी

पवनीचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा इथल्या कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, घराघरांतून मागाची खटखट ऐकू यायची. आता ती बंद पडलीय. कॉलेजची पोरं मात्र जुनी वस्ती बघायला येतात. नंदलाल पराते यांचं आयुष्य मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणण्यात गेलं. त्यांच्या घरी माग तेवढा उरलाय, त्यावर सूत नाही.

"आजोबा, बसून दाखवा ना!" पोरांनी गळ घातली.

"दाखवतो ना! हात नाही गेले माहे अजून," नंदलालजी ताडकन म्हणाले. गुडघे गेलेत, हे काही त्यांनी सांगितलं नाही. दोघांनी बखोटीला धरून त्यांना खड्ड्यात पाय सोडून बसवलं. त्यांनी आडवं सूत नेणारा धोटा रिकामाच इकडून तिकडे फेकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि सगळी किल्ल्याचा परकोट बघायला पळाली.

नंदलालजींनी उठायला जोर लावला. गुडघे हलेनात. सून शोभा बाजारातून संध्याकाळशिवाय यायची नव्हती.

"अरे, कोनी आहे का?" त्यांनी हाक मारली. गल्लीत कुणीच नव्हतं. मग ते स्वतःवरच चिडले, "कायले बसलो मी मरायले!"

ऊन दारातून सरकलं, तशी पोरांची दुसरी तुकडी आली. 'मले बाहेर काढा' हे शब्द नंदलालजींच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात दारातच एक पोरगी हरखून ओरडली, "अरे बघा, हे अजून मागावर बसतात!"

नंदलालजींनी मान खाली घातली आणि पायाखालची पावडी दाबली.