दोन सह्यांचं खातं

रामाजी गोवर्धनला ऊर्जानगरात कोणी वाईट म्हणायचं नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात नाही. चंद्रपूरच्या वीज केंद्रात, कोळसा विभागात हेल्पर होता, पाळी कधी चुकवायचा नाही. एवढ्यावर माणसाला सज्जन म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी त्याच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि कॉलनीची बालवाडी चालवायचे. मला विचाराल तर असला सज्जन शेजारी वैऱ्यालाही मिळू नये.

कंजूस माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचं एक बरं असतं, ती तोंडावर नाही म्हणतात. रामाजीला नाही म्हणायची लाज वाटायची. त्याला पैसाही सोडायचा नव्हता आणि चांगुलपणाही सोडायचा नव्हता. म्हणून त्याने एक युक्ती काढली होती, आणि त्या युक्तीचा त्याला केवढा अभिमान!

कॉलनीत बस थांब्याच्या मागे बँकेची खिडकी होती. साधं बचत खातं काढा, पैसे लागले की स्लिप भरा, पासबुक द्या, पैसे घेऊन घरी या. माझं आणि आमच्या ह्यांचं तिथं जोडखातं होतं, दोघांपैकी कोणाचीही सही चालायची. रामाजी नोकरीला लागला तेव्हा आमच्या ह्यांनी त्यालाही तेच सुचवलं, बायकोचं नाव घाल म्हणून सांगितलं. त्यावर तो हसला.

"भाऊ, मोकळं खातं म्हंजे बिना दाराचं घर," तो म्हणाला. "कोनीबी येते, कोनीबी नेते. पैसा कसा पायजे, आपल्यालेबी सहज नाई भेटला पायजे."

आणि खरोखर त्याने खातं काढलं ते पोंभुर्ण्याला, दोन तासांच्या बसवाटेवर. तेही धाकटा भाऊ मुखरू याच्या जोडीने, आणि मुद्दाम लिहून दिलं की पैसे काढताना दोघांच्याही सह्या लागतील. पैसा सगळा रामाजीचा. मुखरूचा त्यात छदाम नव्हता, होती ती फक्त सही. बायको कांताचं नाव कुठेच नव्हतं.

यानंतर रामाजीचं आयुष्य सुखाचं झालं. कोणी हातउसने मागायला आला की हा त्याला पाटावर बसवायचा, पाणी द्यायचा, आणि चेहरा पाडून म्हणायचा, "माहं काय हाय गा, आत्ता देल्लो असतो. पन मुखरूची सई लागते नं!" बहिणीच्या घराच्या छपरावर कवेलू घालायचे होते, तेव्हा मुखरूची सही. भीमजयंतीची वर्गणी गोळा करायला पोरं आली, तेव्हाही मुखरूची सही. पोरं परत जाताना हा दारात उभा राहून सांगायचा की मनानं तो त्यांच्यासोबतच आहे. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असली माणसं निदान तशी ओळखली तरी जातात. हा मात्र हळहळत हळहळत दमडी राखायचा, आणि लोक म्हणायचे, बिचाऱ्याचा नाइलाज आहे.

त्याची मुलगी सीता आदल्या वर्षी बारावी झाली होती. सकाळी माझ्याकडे बालवाडीत यायची, पोरांची नाकं पुसायची, कोणाचं ढोपर फुटलं तर सगळ्यांच्या आधी धावायची. तिने नागपूरच्या एका नर्सिंग शाळेत अर्ज केला होता, मुलाखतही देऊन आली होती. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात तिला पत्र आलं. निवड झाली होती. अठ्ठावीस तारखेच्या आत वडिलांना घेऊन या, बाराशे रुपये भरा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देऊ.

सीता पत्र घेऊन धावत आधी माझ्याकडे आली आणि मग घरी गेली. थोड्या वेळाने मीही गेले. रामाजी खुर्चीत बसला होता. डोक्यावर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, शिका. आणि रामाजीचा चेहरा पडलेला.

"पोरीनं नाव काढलं, बाई," तो मला म्हणाला. "पैसाबी हाय. पन मुखरू तं जंगलात हाय. सई कोनाची घेऊ?"

हे खरं होतं. मुखरू दर उन्हाळ्यात तेंदूपानाच्या ठेकेदाराकडे फडमुंशी म्हणून जायचा. फड म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथं बाया पानांचे पुडे आणतात, मुंशी ते मोजून घेतो आणि वाळत घालतो. एकदा हंगाम लागला की मुंशी फड सोडून हलत नाही. मुखरूचा फड त्या वर्षी एटापल्लीच्याही पलीकडे होता. तिथं ना फोन, ना टपाल वेळेवर.

"तुम्ही जाऊन या ना मग," मी म्हटलं.

"पाळी कोन करन माही?" तो म्हणाला. त्याच्या खात्यावर रजा साचल्या होत्या, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणतो, रजा उडवाले थोडीच साचवल्या.

कांता ऐकत बसली होती. लग्नाला वीस वर्षं झालेली बाई, नवऱ्यासमोर तिने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तिने उठून ट्रंकेतून पैसे काढायची कोरी स्लिप घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि मला विचारलं, "बाई, येता का संगं?"

रामाजी हसला. "जा, जा. जंगलात भेटला तं भेटला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघालो. चंद्रपूरहून आलापल्ली, तिथून एटापल्ली. पुढे बसच नव्हती, ठेकेदाराच्या ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांवर बसलो. मे महिन्याचं ऊन आणि रस्त्याचा फुफाटा, दोघींची तोंडं ओळखू येईनात. मी वाटेत रामाजीला मनसोक्त शिव्या दिल्या. कांता पदराची गाठ परत परत चाचपत होती.

फडावर पोचलो तेव्हा बायांची रांग लागली होती आणि मुखरू पुडे मोजत होता. मोजणी मध्ये थांबवणं फडावर कोणालाच चालत नाही. मुंशी थांबला की आकडा खातो, असा बायांचा अनुभव आहे आणि तो खोटाही नाही. तरी वहिनीला पाहून मुखरू थांबला. रांगेत कलकलाट झाला. सगळ्यांत पुढे सोमारी नावाची एक गोंड बाई होती, ती मुखरूवर ओरडली.

"भतीजीचं काम हाय व," मुखरू तिला म्हणाला. "नागपूरले नर्स शिकाले चालली."

सोमारीने आमच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पुड्यांवर हात ठेवून म्हणाली, "मी पायतो तुहा हिसोब, भुलत नाई. तू सई कर." तिने तुंब्यातलं पाणी दिलं आणि पोरीसाठी म्हणून तेंदूच्या झाडाची ओंजळभर पिकलेली टेंभरं कांताच्या पदरात टाकली. ना ओळख, ना पाळख. या बाईकडे दिवसभराच्या पानांशिवाय काही नव्हतं, आणि तिला हातात असलेलं द्यायला कोणाच्या सहीची गरज पडली नाही.

मुखरूने गुडघ्यावर स्लिप ठेवून सही केली. "वयनी, म्या दादाले तवाच म्हनलो होतो, एकाचीच सई ठेवा. माहा काय भरोसा, मी आज इथी, उद्या तिथी. तं म्हने, म्हनूनच तं तुहं नाव टाकलो."

कांताने ते ऐकलं. मला वाटतं, तिला सगळं तिथंच कळलं. मला मात्र अजून कळलं नव्हतं. मी मूर्खासारखी खूश होते.

मंगळवारी दिवे लागायच्या सुमाराला परत आलो. मध्ये बुधवार होता. रामाजीने सकाळी पोंभुर्ण्याला जाऊन पैसे काढायचे आणि गुरुवारी, अठ्ठावीसला, पोरीला घेऊन नागपूर गाठायचं. सगळं बसत होतं. कांताने स्लिप त्याच्यासमोर धरली. सीताने पेन आणून दिलं.

रामाजीने मुखरूची सही पाहिली. दिव्याजवळ नेऊन पुन्हा पाहिली. एवढा घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आडोशाला उभा होता, तो आडोसाच कोणी उचलून नेला.

"आता नाई काढता येत," तो शेवटी म्हणाला.

"काऊन?" कांताने विचारलं.

"महिना भरला नाई नं अजून." आणि मग त्याने आम्हाला बँकेचा नियम समजावून सांगितला. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढी रक्कम राहते, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. सत्तावीसला बाराशे काढले तर त्या बाराशेचं मे महिन्याचं सगळं व्याज बुडणार. "चार दिवसाचा तं सवाल हाय. एक तारखेले काढतो नं. शाळा का कुठी पळून चालली?"

बाराशे रुपयांचं एका महिन्याचं व्याज पाच रुपये होत होतं. मी तिथल्या तिथं हिशेब करून सांगितला. पाच रुपये मी माझ्या पदरचे द्यायला तयार झाले. तो म्हणाला, बाई, पाच रुपयाची गोष्ट नाई, शिस्तीची गोष्ट हाय.

बुधवारी सकाळी मी बँकेची खिडकी उघडल्याबरोबर गेले आणि आमच्या खात्यातून बाराशे काढून आणले. जाताना भाजी चुलीवर ठेवली होती, ती लागायच्या आत परत आले. पैसे रामाजीपुढे ठेवले. त्याने हातसुद्धा लावला नाही. "घरचा पैसा असताना लोकायचा काऊन? आमच्या घरात उधारी नाई चालत." आणि त्याच्याशिवाय काही होणारही नव्हतं, कारण नागपूरच्या कागदावर वडिलांची सही हवी होती. तो पाळीच्या बसमध्ये बसून निघून गेला. सीता दारात उभी होती. तिच्याकडे पाहून मला रडू आलं. ती रडली नाही.

एक तारखेला रामाजीने दोन सह्यांनी पैसे काढले. दोन तारखेला मोठ्या थाटात, इस्त्रीचा सदरा घालून, पोरीला घेऊन नागपूरला गेला. तिथं कारकुनाने सांगितलं की जागा एकोणतीसलाच दिली. रामाजीने हात जोडले, म्हणे, नशीब पोरीचं. संध्याकाळी परत. आठवडा व्हायच्या आत, दहा तारीख यायच्या आधी, त्याने बाराशे रुपये पुन्हा पोंभुर्ण्याला नेऊन भरले. जूनचंही व्याज बुडायला नको. भरायला मुखरूची सही लागत नाही.

पाळीच्या बसमध्ये तो कामावरच्या पोरांना हे सांगायचा. मोकळं खातं असतं तर पैसा गेला असता की नाही? आणि पोरं माना डोलवायची. लाज नावाची गोष्ट त्या माणसाच्या वाटेलाही गेली नव्हती.

जूनअखेरचं व्याज जुलैमध्ये पासबुकात चढलं. त्या दिवशी मी कांताकडे बसले होते. रामाजी पोंभुर्ण्याहून आला तो आनंदात. दीड महिना सीता त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. त्याला वाटलं असावं, आता पोरीला पटेल. त्याने पासबुक तिच्यासमोर उघडलं, बोटाने ओळ दाखवली.

"पाय, एक पैसा कमी नाई."

सीताने पाहिलं. "याच्यात माहं काय हाय, बाबा?"

"तुहंच तं हाय सारं. तुह्या लगनासाठीच ठेवलो."

"मंग लगनबी तुमी दोघं भाऊच करून घ्या," ती म्हणाली आणि बालवाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.