शंभर टक्के गॅस

“एकही घर नाही? अख्ख्या गावात एकसुद्धा चूल पेटत नाही?”

“नाही मॅडम,” सारिका म्हणाली. “शंभर टक्के गॅस.” तिचा चेहरा इतका फुललेला होता की मला आणखीच राग आला.

मी सांगलीच्या एका कॉलेजात एम.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक रिसर्च प्रोजेक्ट करावा लागतो. विषय स्वतः निवडायचा, माहिती स्वतः गोळा करायची, लिहायचं, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. त्या तोंडी परीक्षेला व्हायवा म्हणतात आणि त्या परीक्षकाला एक्स्टर्नल. गाईड म्हणून माझं काम टोकायचं. ते मला आवडतं.

सारिकाचा विषय चांगला होता. घरात गॅस आल्यावर चूल खरंच विझते का? सर्वे तिनं माहेरी केला, उंब्रजजवळच्या एका गावात. सासर सांगलीतच. सासूबाईंनी बजावलं होतं, प्रोजेक्टला ‘ए’ ग्रेड आली तरच पीएच.डी., नाहीतर पुरे झालं शिक्षण. पोरीचं पुढचं सगळं या कागदांवर अडकलं होतं.

“सर्वे केलास कसा?”

“लय भारी झाला मॅडम! मी आलेय म्हटल्यावर कुणी नाही म्हणालंच नाही. घरोघर जेवायला बसवलं, ओटी भरली. पिशवीभर ब्लाऊजपीस जमलेत.”

“जेवायला काय होतं?”

“पिठलं, खर्डा. आणि भाकरी तर अशी मॅडम, चुलीवरची...”

ती थांबली. मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये ‘गॅस’वर टिक करताना ही बया चुलीवरची भाकरी खात होती आणि तिच्या डोक्यात काही म्हणता काही आलं नव्हतं. मला कपाळावर हात मारावासा वाटला. मारलाच.

“गावात कोण आहे जवळचं? चुलती? लाव फोन. स्पीकरवर.”

चुलती अगदी बिनघोर होती. “आगं, मग काय सांगायचं हुतं? तू सांगलीची सून. तुझं पुस्तक झालं, तुझ्या सासूनं वाचलं, तर म्हनंल की, हिच्या माहेरात बाया अजून धुरात बसत्यात. मान तुला खाली घालाय लागंल. म्हनून आमी समद्यांनी ठरवलं, गॅसच सांगायचा. का गं, चुकलं व्हय?”

“न्हाई काकू,” सारिका म्हणाली आणि फोन ठेवून रडायला लागली.

मी दोन चहा सांगितले. रडणाऱ्या विद्यार्थ्याला मध्येच गप्प करू नये. नंतर परत रडतात.

“मॅडम, आहे तसंच देऊ का? कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय. दे खुशाल. माझी सही मिळणार नाही.”

“घरी बसवतील हो मला!” ती ओरडलीच.

मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू? पण सही दिली नाही. दुसरं गाव धरून नवा सर्वे करायला वेळ उरला नव्हता. मी म्हटलं, परत जा. फॉर्म नेऊ नकोस, काही विचारू नकोस, नुसती बघ. याला आमच्याकडे ऑब्झर्वेशन म्हणतात. लोक सांगतात ते एका बाजूला मांडायचं आणि आपल्याला दिसतं ते दुसऱ्या बाजूला.

ती गेली. आपण काय बघायला आलोय आणि काय लिहिणार आहोत, ते आधीच बायांना सांगून टाकलं. चुलतीनं अबोला धरला, मग म्हणाली, “लिव्ह बाई, पन गावाचं नाव घालू नगंस.” सारिकानं पदर खोचून भाकऱ्या थापल्या, सरपण आत आणलं. गॅस होता सगळ्यांकडे. चहाला, दुधाला, पाहुण्याला. भाकरी आणि अंघोळीचं पाणी मात्र चुलीवर. तिनं दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापले. मी सही केली.

आमच्याकडे व्हायवाला कुणीही येऊन बसू शकतं. त्या दिवशी मागच्या बाकावर सारिकाच्या सासूबाई येऊन बसल्या. सारिकाचा रंगच उडाला.

एक्स्टर्नल साताऱ्याहून आले होते. हसायची सवय नसलेले गृहस्थ.

“पहिल्या सर्वेत शंभर टक्के गॅस. नंतर बघितलं तर घरोघर चूल. म्हणजे गाव खोटारडं म्हणायचं का?”

सारिकानं एकदा मागं पाहिलं.

“नाही सर. विचारणारी चुकीची होती. मी त्या गावची लेक. सासरी लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून ते तसं बोलले. माझ्या माहेरी अजून चुली पेटतात.”

“त्यांनी दुसऱ्या कुणाला खरं सांगितलं असतं? हे सिद्ध कराल?”

“एवढ्या माहितीवर नाही करता येणार, सर.”

“पहिला तक्ता काढून टाकला असता तर मला हे विचारताच आलं नसतं.”

“हो सर. म्हणूनच ठेवला.”

व्हायवात गाईडनं मध्ये बोलायचं नसतं. मी जीभ चावून बसले होते. मला तिचा फार अभिमान वाटत होता.

एक्स्टर्नलनी मार्क कापले. कुणाला विचारायचं आणि कुणी विचारायचं, याचा विचार आधी करायला हवा होता, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. ग्रेड ‘बी’.

व्हरांड्यात सासूबाईंनी मला गाठलं. “मॅडम, नापास न्हाई न्हवं?”

“पास आहे. पण तुमची ‘ए’ हुकली.”

शेजारी उभ्या सुनेकडं न बघता त्या म्हणाल्या, “आवं, आमच्या परसात बी चूल हाय. लगीन ठरलं तवा हिच्या घरची मानसं येनार म्हनून मी पत्रा टाकून झाकली हुती. हिला बजावलंय, माहेरात बोलायचं न्हाई.”

“मी बोललेच नाही कधी,” सारिका म्हणाली.

“मग खरं बोलनारं हायच कोन? आज ही बोलली. शिकू दे हिला. पुढचा सर्वे आमच्या गल्लीत कर म्हनावं. मी येते संगं. कोन गॅस म्हनतंय बघतेच.”

आता माझ्या विद्यार्थिनींना माहेरी सर्वे करायला बंदी आहे. सासरी चालतो. तिथली माणसं सुनेला सगळं खरं सांगतात, विचारलं नसलं तरी.