पुलाआधीची पाटी

“आधी वाळू दे, मग बोल.” पेंटरच्या तोंडी हे वाक्य कायम असे. ओल्या रंगाला कोणी बोट लावायला गेलं की तो हे म्हणे, आणि दोन शेजारी हमरीतुमरीवर आले तरी मध्ये उभा राहून हेच म्हणे. भांडणारे हसायचे आणि भांडण तिथेच निवायचं.

बाजारपेठेच्या टोकाला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. आत टर्पेंटाइनचा वास, डब्यांत उभे ठेवलेले ब्रश आणि दारापाशी वाळायला टेकवलेल्या पाट्या. ओळ सरळ यावी म्हणून तो खडूने माखलेली दोरी पत्र्यावर ताणायचा, मधोमध चिमटीत धरून सोडून द्यायचा. टप्पकन आवाज यायचा आणि पांढरी रेघ उमटायची. मग डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून, श्वास रोखून पहिलं अक्षर काढायचा. खाडाखोडीचा त्याला भारी तिटकारा. एखादं अक्षर चुकलं तर तो सगळी पाटी खरवडून पुन्हा सुरुवात करी. राहायला दुकानावरचा माळा, चढायला शिडी. बायको नाही, मूलबाळ नाही.

त्याचा जीव होता ओढ्यापलीकडे. तिथे त्याची आक्का राहायची. आई गेली तेव्हा पेंटर रांगत होता. आक्काने त्याला कडेवर घेऊन वाढवला. आता कंबरेचं हाड मोडून ती खाटेला खिळली होती. सकाळ-संध्याकाळ शेजारची बाई कारखान्याची वेळ सांभाळून तिचं सगळं करायची. दुपार पेंटरची. दुकान ओढून घेऊन, डबा घेऊन तो ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पलीकडे जायचा. तिला भरवायचा, केस विंचरायचा, बाजारातल्या चार गमती सांगायचा आणि परतायचा. लांबच्या शहरात असलेला आक्काचा मुलगा सारखा म्हणे, आई, माझ्याकडे चल. तिचं उत्तर ठरलेलं होतं. भाऊ रोज दुपारी येतोय तोवर मी या घरातून हलणार नाही.

मग एका पुराने साकवाच्या फळ्या नेल्या. म्हाताऱ्याच्या तोंडातल्या उरल्यासुरल्या दातांसारखे खांब तेवढे पाण्यात उभे राहिले.

दोन्ही काठांवरचे आम्ही लोक जिल्हा मंडळाकडे खेटे घालू लागलो. मंडळाचं नवं सभागृह नुकतंच बांधून झालं होतं. दर्शनी भिंत सगळी काचेची आणि पुढे कारंजं. आत गेलं की उत्तर मिळायचं, पुलासाठी निधी नाही. आमच्यातला बाजारपेठेतला चहावाला एकदा दारावरच्या शिपायाला म्हणाला, “मग या कारंज्यावरच एक पूल टाका की. साहेबांचे बूट तरी भिजणार नाहीत.” शिपाई खळखळून हसला, कारण ओढ्यापायी त्यालाही रोज वळसा पडत होता.

शेवटी एकदाचा पूल मंजूर झाला आणि मंडळाचा ओव्हरसियर पेंटरच्या दुकानात आला. आमच्याकडे एक रीतच पडून गेली होती. सरकारी काम यायचं म्हणजे आधी त्याची पाटी येणार. रस्त्याची पाटी लागली, मागून खडी आली. नळाची पाटी लागली, मागून पाइप आले. तेव्हा पाटी लागली म्हणजे काम दारात आलं, असं आम्ही धरून चालायचो. पेंटर, हात चालव, तुझ्या पाटीपायी पूल अडलाय, असं म्हणत आम्हीच त्याच्या मागे लागलो.

ओव्हरसियरने मजकूर सांगितला. पादचारी पूल, काम पूर्ण. पेंटरचा ब्रश थांबला. एक फळी तरी बसू दे साहेब, मग ‘पूर्ण’ लिहितो, तो म्हणाला.

“अहो, आज ‘मंजूर’ लिहाल, उद्या ते पुसून ‘पूर्ण’ लिहाल,” ओव्हरसियर म्हणाला. “पत्र्यावर डाग राहणार. लोक तुमच्याच हाताला नावं ठेवतील.”

दुसऱ्या कुठल्याही माणसाला हे पटलं नसतं. पेंटरला पटलं.

त्याने ती पाटी जीव ओतून रंगवली. निळ्यावर पांढरी अक्षरं, कडेला बारीक पिवळी रेघ. लवकर वाळावी म्हणून स्वतः उन्हात धरून उभा राहिला. ओढ्याच्या काठी खड्डा खणून त्यानेच ती रोवली. त्याच दिवशी एक ट्रक नव्या कोऱ्या फळ्या घेऊन आला. फळ्या पाटीमागे रचल्या, ओव्हरसियरने पाटी आणि फळ्या यांचे फोटो काढले, आणि मापात कापून आणतो असं सांगून फळ्या परत ट्रकमध्ये चढल्या. आम्ही त्या चढवायला हातभारसुद्धा लावला. फळ्या गेल्या त्या गेल्याच.

पुढच्या जाहीर सभेला आम्ही त्या काचेच्या सभागृहात गेलो. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नोंदीनुसार पूल झालेला आहे, त्याचा खर्चही पडला आहे, झालेल्या कामावर पुन्हा खर्च करता येत नाही, असं त्यांनी मऊ आवाजात समजावलं. खर्च कोणाच्या घशात गेला, असं चहावाल्याने विचारलं, तेव्हा समिती नेमू म्हणाल्या. मग पाटीचा आणि फळ्यांचा तो फोटो दाखवला.

पेंटर उठून उभा राहिला. “ती पाटी मी रंगवलीय, बाई.”

“मग तुम्हाला तर माहीतच असणार, पूल झालाय ते.”

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं असावं, आणि तेच पेंटरला जास्त लागलं. तो उभाच राहिला. चहावाल्याने शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

तरण्या पोरांनी पाटीवर डांबर फासायचं ठरवलं, तर पेंटरनेच त्यांना अडवलं. पुसली तर उद्या म्हणतील, तिथे असं काही लिहिलंच नव्हतं. राहू द्या. माझ्या हाताने लिहिलंय.

डबा आता मोठ्या रस्त्याच्या पुलावरून, बस बदलून जाऊ लागला. दुपारचं जेवण आक्काच्या तोंडी लागायला दिवस कलायचा. उशिरा जेवलं की पचतं चांगलं, असं ती म्हणे. पण शेजारच्या बाईने पेंटरला बाजूला घेऊन सांगितलं, सुट्टीच्या दिवशी मी पाहिलंय, दुपार झाली की त्या दाराकडे तोंड करून पडून असतात, मी वाढून दिलं तरी घास घेत नाहीत.

हे ऐकल्यावर तो बसची वाट कशाला पाहतोय? दुसऱ्याच दिवशी डबा डोक्यावर धरून ओढ्यात उतरला. पाणी छातीला लागलं. मधल्या खांबाशी पाय घसरला, डबा गेला, तो स्वतः खांबाला मिठी मारून कसाबसा वाचला. ओल्या कपड्यांनी, रिकाम्या हातांनी आक्काच्या दारात जाऊन उभा राहिला.

आक्काने त्याला जवळ बसवलं आणि खाटेवरच्या चादरीने त्याचं डोकं पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मग म्हणाली, “तू तरी जेवलास का?”

संध्याकाळी तिने स्वतःहून मुलाला फोन केला. मला घेऊन जा म्हणाली.

पेंटरला कळलं तेव्हा तो वळसा घालून धावत गेला. दुकान बंद करून इथेच येतो राहायला, म्हणाला.

“आणि इथे पाट्या कोणाच्या रंगवणार? माझ्या खाटेच्या?” आक्का हसली. मग हसू मावळलं. “मी तुला वाढवलं ते ओढ्यात बुडायला नाही, बाळा. मी इथे असेन तोवर तू पाण्यात उतरणार. मला ठाऊक आहे तुझं.”

पोहोचवायला घरी येऊ नकोस, असंही तिने बजावलं. तू दारात उभा राहिलास तर माझा पाय निघणार नाही.

म्हणून निघायच्या दिवशी पेंटर आपल्याच काठावर उभा राहिला. धुतलेला शर्ट घातला होता. आम्ही त्याच्या मागे थोडे लांब थांबलो होतो. पलीकडे भाच्याची गाडी आली. आक्काला खुर्चीसकट उचलून आणलं आणि मागच्या सीटवर निजवलं, उशांना टेकवून, तोंड ओढ्याकडच्या खिडकीकडे करून. खिडकीतून तिचा हात वर झाला. पेंटरनेही हात वर केला. मधून गढूळ पाणी वाहत होतं. बोलून काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. गाडी सुरू झाली, पण जागची हलेना. कोणीच हात खाली घेईना.

पेंटरचा फोन वाजला. भाचा होता.

“मामा, आई गाडी पुढे नेऊ देत नाही. म्हणते, आधी तो घरी जाऊ दे.”

पेंटरने वर धरलेला हात खाली घेतला. “सांग तिला,” तो म्हणाला, “निघालोच म्हणून.”

तो वळला. नेहमी पोक काढून चालणारा माणूस, त्या दिवशी छाती काढून, ताठ मानेने चढ चढत होता. आमच्याजवळून गेला तेव्हा त्याचे गाल ओले होते, पण पुसायला त्याने हात वर केला नाही. पाठीमागून आक्काला ते दिसलं असतं. बाजारपेठेच्या वळणाआड तो दिसेनासा होईपर्यंत पलीकडची गाडी हलली नाही, आणि खिडकीतला हात खाली आला नाही.