बांबूचा कठडा

सुभाष गेल्याचा त्याच्या बायकोचा, नंदावहिनींचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कोर्टाची तारीख कधी होती?" महिना झाला, पण त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही.

सुभाषचा बदलापुरात मांडवांचा धंदा. मी अंबरनाथ पूर्वेचा विमा एजंट. त्याच्या धंद्याचा विमा मीच उतरवलेला. सोनिवलीतल्या एका साखरपुड्यात त्याच्या मांडवाचा खांब कलला आणि पाहुणे म्हणून आलेल्या गणपतमामांचा खुबा मोडला. मामा त्याचे ना नात्याचे ना गोत्याचे. तरी हा नारळ घेऊन त्यांच्या घरी गेला, पाया पडला आणि चारचौघांत "चूक माझी" म्हणून आला. वर दर रविवारी जायला लागला. मामांना धरून चालता यावं म्हणून अंगणात ओटीपासून न्हाणीपर्यंत बांबूचा कठडा बांधून दिला. पुढे मामांच्या मुलानं भरपाईचा दावा लावला.

मी हबकलो. दावा झाला तर कंपनी वकील देते, कोर्टात आपल्या बाजूनं उभी राहते; पण तिला न विचारता चूक कबूल करायची नाही, अशी अट असते. ती मी त्याला कधी वाचून दाखवली नव्हती... कंपनीचं पत्र येईपर्यंत आम्हा दोघांनाही अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी आलं. वकील देऊ, पण पुन्हा असं बोललात तर तुमचं तुम्ही बघा.

"आता मामांकडे फिरकायचं नाय," मी दरडावलं.

"अरे पण ते काय बोलतील? केस लागली तर तोंड लपवलं?"

"बोलू दे. तुझं राहतं घर जाईल, सुभाष."

त्यानं ऐकलं, पण धास्ती काही गेली नाही. चहा पिताना मध्येच विचारायचा, "कंपनी मागे नाय ना हटणार?" मी नाही म्हणायचो. खात्री मलाही नव्हती. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि संपलं.

परवा मामांकडे गेलो. दावा आता वहिनींवर चालेल, म्हणून जीभ आवरूनच बसलो.

"तुमचा दोस्त घरात यायचा बंद झाला," मामा म्हणाले, "पन दर रविवारी अंगणात यायचा. ह्या कठड्याच्या गाठी हलवून बघायचा, सैल असली तर आवळायचा. हाक मारली तर हात जोडायचा न् जायचा. तोंडातनं शब्द नाय. मला वाटलं, राग धरलाय."

"राग नव्हता, मामा," एवढंच मी म्हणालो. पुढचं वाक्य गिळलं.

निघताना कठड्याला हात लावला. एक गाठ सैल झाली होती. मी आवळायला गेलो, पण त्याच्यासारखी बसेना.