कड्यावरची जाळी

इटलीतल्या पार्माच्या डोंगरात फुल्जेन्झिओ नवसाच्या पाट्या रंगवी. कुणी विहिरीत पडून वाचलं, कुणाचा ताप उतरला, की तो प्रसंग फळीवर रंगवून देवळात टांगायचा, ही तिथली रीत. तीस वर्षांत त्याने शेकडो माणसं पाडली आणि वाचवली. स्वतः मात्र महाभित्रा. पाटी हातात घेतली की आधी वरच्या कोपऱ्यात मरिया माता, मग बाकीचं, हा नेम त्याने कधी मोडला नाही.

एकदाच मोडला. खाणीतला कामगार ओर्सो तिथल्याच कड्यावरून पडून वाचला, म्हणून फुल्जेन्झिओ त्याच्याबरोबर जागा बघायला गेला. तिथल्या दगडात शिंपले रुतलेले, आणि त्यांच्या वर मधाच्या पोळ्यासारखी, सहा कोनांच्या घरांची रेखीव जाळी. समुद्र तर चार दिवसांच्या वाटेवर.

"सैतानाचं जाळं आहे ते," ओर्सो कुजबुजला. "जलप्रलयात मासे धरायला टाकलेलं. हात लावू नका, मास्तर."

फुल्जेन्झिओची बोबडी वळली, पण नजर हटेना. घरी येऊन त्याने आधी जाळीच काढली, एकेक घर आठवून. खाली गुडघ्यांवर ओर्सो बसवला आणि मग ध्यानात आलं, मातेला जागाच उरली नव्हती. ओर्सो सैतानाच्या जाळ्याला हात जोडून बसला होता!

गेल्या साली गावचा कुंभार एका भलत्याच चित्रापायी धर्मन्यायालयात गेला, तो परतलाच नाही. आणि दुपारी पाद्रीबाबा पाटीला आशीर्वाद द्यायला येणार होते. जाळी खरडायला गेला, तर हात चालेना. इतकं खरं त्याने जन्मात काही काढलं नव्हतं. शेवटी तिच्यावरच माता रंगवली. घाईत निळा रंग पातळ झाला आणि झग्यातून जाळी दिसत राहिली.

पाद्रीबाबा पाटीवर वाकले. "मातेच्या झग्यावर हे काय रे?"

पाटी न्यायला आलेली ओर्सोची बायको मेनिका फणकारली, "काय म्हणजे? यातच झेललं ना तिने माझ्या नवऱ्याला! असला धोंड्यासारखा गडी नुसत्या हातांनी पेलतो होय?"

पाद्रीबाबा हसले आणि त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं.

रविवारी तीन बायका दारात हजर. त्यांनाही मातेची झेलणारी जाळी हवी होती, अगदी तश्शीच. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. आठवणीतून आता दोन घरंही जुळेनात. फुल्जेन्झिओने कागद-कोळसा उचलला आणि रडकुंडीला येऊन एकट्यानेच खाणीची वाट धरली.