राईची दाढी

शहागडजवळ गोदावरीच्या पात्रात एक बेट आहे आणि बेटावर देवीची राई. तिथला पाचोळासुद्धा उचलायचा नाही, अशी जुनी रीत. मी कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. रीत म्हटली की मला अंधश्रद्धाच दिसायची.

तीन वर्षांपूर्वी राईतल्या जुन्या करंजांचे शेंडे वाळू लागले. गावाने बैठक बोलावली. एकाने मोबाइल टॉवरवर खापर फोडलं, दुसऱ्याने कुणाच्या तरी न फेडलेल्या नवसावर. सगळी झाडं एका वयाची, एकदमच म्हातारी झाली, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी पटलं नसतं, कारण त्यात दोषी कुणीच नव्हतं. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चेहरा गंभीर केला आणि ठोकून दिलं, "खालचं गचपण जुन्या झाडांचं खतपाणी खातंय."

रविवारी आम्ही होडीतून विळे, कुदळी, पोहे आणि सगळ्यांत मोठा बॅनर नेला. देवळातली गुरवीण मावशी आडवी आली. "सायेब, नका उपटू. माझ्यामागं देवीवर सावली न्हाई राह्याची."

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

दुपारपर्यंत राईची गुळगुळीत दाढी झाली. फोटोत मी मधोमध, हातात उपटलेलं रोप. पुढे तालुक्याला 'वृक्षमित्र' म्हणून शाल-श्रीफळही मिळालं, आणि मी ते घेतलं.

यंदा तीन करंज कोसळले. मोकळ्या जागेत ऊन आलं, पाठोपाठ घाणेरीची काटेरी झुडपं माजली. मी बेटावर गेलो आणि मावशीलाच विचारलं, "नवी रोपं का येत नाहीत?"

"आल्ती की! म्हातारी झाडं पडली की ऊन भेटंल म्हणून सावलीत वाट बघत बसल्ती. तुमीच उपटली न्हाई का?"

माझे कान तापले. खात्यातल्या इतक्या वर्षांत मला एवढी लाज वाटली नव्हती.

देवळामागे तिने गुडघाभर उंचीचा एक करंज दाखवला. "त्या दिवशी ह्याच्यावर टोपली पालथी घातली अन् पुढं बसून राह्यले."

"मी लोखंडी जाळी आणून देतो," मी म्हणालो.

"जाळी नको. तुमी लांब राहा, बास."

अजूनही मी जातो. मावशी आधी माझे हात बघते. रिकामे दिसले, की मगच वाट सोडते.