पाचव्या मजल्याची चतुःसीमा

माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, "आई, आम्ही इथं काँडो घेतोय," तेव्हा मला ऐकू आलं ते कोंडा. म्हटलं, बरं झालं, गाई घेतल्या असतील. त्याच्या सासुरवाडीला शेती आहे, जनावरं आली की कोंडा लागणारच. "किती पोती घेतोस रे?" म्हणून विचारलं, तर तिकडं दोघं हसत सुटली. मग सूनबाईनं फोन घेतला. "आई, कोंडा न्हाई वो. घर. मोठी बिल्डिंग आसती ना, त्यातलं एक घर. तुमच्या नगरला फ्लॅट म्हणत्यात तसलं."

माझी सून थायलंडची. दोघं पुण्यात एका कंपनीत होते, तिथंच जमलं. लग्नानंतर नोकरी बदलायच्या मधे ती आठ महिने माझ्याजवळ कोल्हारला राहिली, आणि मराठी शिकली ती माझ्याच तोंडून. त्यामुळं बोलते ती आमच्या प्रवरेकाठचं. पुण्याचे लोक तिचं ऐकून चकित व्हायचे. पुढं तिचे वडील वारले, विहीणबाई एकट्या पडल्या, म्हणून दोघं तिकडं चिआंग माईला राहायला गेले.

ते गेले तशी गावात जीभ सुटली. माझी धाकटी जाऊ तर दारात उभी राहून म्हणाली, "काय वो बाई, पोरगं घरजावई झालं म्हणं तुमचं! पोरी नांदाय जात्यात, तुमचा पोरगा गेला. वटी भरली का न्हाई त्याची?"

मी पण म्हटलं, "भरली तर. तुझ्या पोराला तर तसंबी कुणी न्हेईना." हसले, पण आत कुठंतरी लागलंच.

लागायला कारण होतं. आमचे हे गेले तेव्हा राहतं घर आणि शेत सगळं सासऱ्यांच्या नावावर. वारस म्हणून माझं नाव लागायला सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत कुणी मला जा म्हटलं नाही, हे खरं. पण चूल पेटवताना रोज वाटायचं, ही चूल कुणाची? मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ती सातबाऱ्यावरच. तलाठ्याच्या ऑफिसात बसून एकेक अक्षर लावायचं. म्हणून मला बाई घर म्हटलं की भिंती दिसत नाहीत, आधी कागद दिसतो. आणि माझा मुलगा परक्या मुलखात, बायकोच्या माहेरात, उद्या कुणी त्याला जा म्हटलं तर?

त्यात एक गोष्ट मला खुपत होती. विहीणबाईंनी घरामागची जागा दोघांना देऊ केली होती. फळझाडं आहेत, विहीर आहे, घर बांधा म्हणाल्या. ती नको म्हणालं कोण, तर माझी सून. आयती जमीन सोडून हवेतलं घर घ्यायचं कशाला? मी मनाशी हिशेब मांडला, की माहेरच्या जमिनीत नवऱ्याचा पाय पडू द्यायचा नसेल हिला. कुणाला बोलले नाही. पण मुलगा म्हणाला, "खरेदीला तू ये," तेव्हा मी लगेच निघाले ती कागद बघायलाच, हे आज कबूल करते.

तिथलं जमिनीचं ऑफिस म्हणजे अगदी आपली तहसील. नंबर घ्या, बाकड्यावर बसा. फक्त थंडगार, आणि कुणी कुणावर ओरडत नाही. आम्ही चौघं गेलो. विहीणबाईंनी फुलांची माळ आणली होती, मी पर्समधून हळदकुंकवाची पुडी. दोघी एकमेकींकडं बघून हसलो. भाषा नाही, पण पिशव्या सारख्याच.

चष्मेवाल्या क्लार्कबाईनं कागद पुढं ठेवला. मी सुनेला विचारलं, "चतुःसीमा लिहिलीय का?"

हा शब्द तिला मी शिकवला नव्हता. "ते काय आसतं, आई?"

"अगं, पूर्वेला कुणाचं, पश्चिमेला कुणाचं, दक्षिणेला, उत्तरेला. चारी बाजू लिहिल्याबिगर खरेदीखत व्हत न्हाई."

तिनं क्लार्कबाईला सांगितलं. क्लार्कबाईनं माझ्याकडं बघितलं, कागद उलटा केला. मागं नकाशा होता. सून त्यावर बोट ठेवून सांगायला लागली, "पूर्वेला एक मास्तरीण ऱ्हाती. पश्चिमेला जिना. उत्तरेला व्हरांडा. दक्षिणेला भिंत, भिंतीभायेर हवा."

"आन वर?"

"वर सहावा मजला."

"खाली?"

"खाली चौथा."

"म्हंजे जमीन कुठंच लागत न्हाई की गं!"

मुलगा म्हणाला, "आई, हळू बोल." पण सुनेनं हेही क्लार्कबाईला सांगून टाकलं, आणि ती चष्मा काढून हसायला लागली.

मला हसू येईना. मी मुद्द्यावर आले. "नाव कुणाचं लागलंय?"

सुनेनं एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्यांचं."

"दोघांचं का?"

"न्हाई. ह्यांचं एकट्याचं."

मी म्हटलं, "आन तुझं?"

मग तिनं मला तिथंच बाकड्यावर नीट समजावलं. तिकडं परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. बायकोनं जमीन घेतली, तर नवऱ्याकडून लिहून घेतात की ह्यात माझा हक्क नाही. फ्लॅट मात्र त्याच्या नावावर होतो. "आईची जागा घेतली आसती, तर घर माज्या एकटीचं. उद्या मला काय झालं तर ह्यांनी कुठं जायचं? तुमीच सांगितलं हुतं ना मला, कोल्हारला. चूल कुणाची म्हणून."

कधी सांगितलं होतं मी? भाकऱ्या करताना काहीबाही बोलत असते, मला आठवतसुद्धा नाही. ही पोर तेव्हा भाषा शिकते आहे असं मी समजत होते.

मी कागद जवळ ओढला आणि त्याच ओळीवर बोट ठेवून बसले. ते बघून मुलगा घाबरला. "आई, पाणी देऊ का?"

"पाणी राहू दे," म्हटलं, "तुला काय झालं तर ही कुठं जाईल?"

तो म्हणाला, "अगं, करायचंय ते मृत्युपत्र. बघू निवांत."

"निवांत न्हाई. सहा वर्षं मी निवांतच बसले हुते. आधी लिही, मग मी विमानात बसते."

सुनेनं विहीणबाईंना आमचं बोलणं सांगितलं. त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात त्यांनी मांडीवर घेतला. आमचा नंबर पुकारेपर्यंत सोडला नाही.

चौथ्या दिवशी एका वकीलबाईंच्या ऑफिसात मृत्युपत्र झालं. घर तिच्या नावानं लिहिलं. दोन साक्षीदार लागत होते. एक त्यांच्या ऑफिसातला माणूस, दुसरी मी. मी मराठीत सही केली, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला जरा लांब शेपूट देऊन. वकीलबाईंना ती वाचता येईना, म्हणून त्यांनी खाली त्यांच्या लिपीत माझं नाव लिहिलं. गोल गोल अक्षरं, एकाला एक चिकटलेली. मी सुनेला म्हटलं, "बघ गं, बरोबर लिहिलंय का."

तिनं बोट फिरवत सावकाश वाचून दाखवलं. माझं नाव, मग आमच्या ह्यांचं नाव, मग आडनाव. म्हणाली, "बराबर हाय, आई."